गिबोनचा करार : फसवून घेतलेली शपथ आणि ती मोडल्याचा हिशेब

फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, गाढवांवर जुनाट गोणपाटं, ठिगळं मारलेल्या वहाणा, अंगावर विटके कपडे आणि शिदोरीत सुकून बुरशी धरलेली भाकर. एवढ्या भांडवलावर गिबोनच्या लोकांनी कनान देश जिंकायला आलेल्या इस्राएलांपासून आपलं शहर वाचवलं. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या ९व्या अध्यायातली ही गोष्ट बहुतेकदा हसतखेळत सांगितली जाते, आणि लगेच सगळ्यांचं लक्ष पुढच्या अध्यायात थांबलेल्या सूर्याकडे जातं. पण गोष्ट तिथे संपत नाही. तिचा शेवट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, २१व्या अध्यायात आहे, आणि तो वाचताना कुणाला हसू येत नाही. म्हणून हे दोन्ही अध्याय एकाच प्रकरणाचे कागद समजून इथे एकत्र वाचले आहेत.

गिलगालच्या छावणीत

आधी कायदा काय होता ते पाहू. बायबलमधल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात युद्धाचे नियम आहेत. दूरच्या शहराला आधी सलोखा देऊ करायचा. त्याने दरवाजे उघडले तर तिथल्या लोकांना जीवदान मिळतं, पण त्यांना इस्राएलाची वेठ करावी लागते. कनानात राहणाऱ्या हित्ती, अमोरी, कनानी, परिज्जी, हिव्वी, यबूसी यांना मात्र ही सवलत नाही. त्यांच्या शहरांत श्वास घेणारं काही शिल्लक ठेवायचं नाही, आणि ७व्या अध्यायाप्रमाणे त्यांच्याशी करारही करायचा नाही. हा हुकूम आज वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. त्याबद्दल पुढे बोलू.

गिबोनकर हिव्वी होते, म्हणजे त्यांचं नाव या यादीत होतं. त्यांचं शहर गिलगालपासून, म्हणजे इस्राएलांच्या छावणीपासून, पंचवीस-तीस किलोमीटरवर, वर डोंगरात. कफीरा, बैरोथ आणि किर्याथ-यारीम ही आणखी तीन गावं त्यांच्यासोबत. ते दुबळेही नव्हते: यहोशवाच्या १०व्या अध्यायात गिबोनला राजधानीच्या तोडीचं शहर म्हटलं आहे, आयपेक्षा मोठं, आणि तिथले पुरुष लढवय्ये. तरी त्यांनी लढण्याऐवजी जवळचे-दूरचे हा कायद्यातला फरक हेरला आणि आपण दूरचे असल्याचं सोंग घेतलं.

त्यांचं भाषण पाहण्यासारखं आहे. तुमच्या देवाची कीर्ती ऐकून आलो, असं ते म्हणतात. मिसरात (इजिप्तमध्ये) काय झालं, यार्देन नदीपलीकडच्या सीहोन आणि ओग या राजांचं काय झालं, हे सगळं त्यांच्या कानावर आलेलं आहे. इस्राएलांनी नुकत्याच जिंकलेल्या यरीहो आणि आय या शहरांचं नावही ते काढत नाहीत. ती बातमी ताजी होती. इतक्या लांबून निघालेल्या माणसाला ती वाटेत कळायची नाही. खोटं बोलताना काय गाळायचं याची इतकी चोख तयारी क्वचित दिसते.

इस्राएली अगदीच भोळे नव्हते. त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता: तुम्ही आमच्या शेजारीच राहत असाल तर आम्ही तुमच्याशी करार कसा करायचा? उत्तर म्हणून भाकर दाखवण्यात आली. निघालो तेव्हा ही घरची गरम होती, आता बघा. सरदारांनी शिदोरी हातात घेऊन पाहिली आणि त्यांची खात्री पटली. इथे निवेदक एकच वाक्य टाकतो: त्यांनी परमेश्वराचा सल्ला घेतला नाही.

या वाक्याचं वजन कळायला गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात जावं लागतं. मोशेनंतर यहोशवाची नेमणूक झाली ती एका अटीवर. त्याने एलाजार याजकापुढे उभं राहायचं, एलाजाराने उरीम या कौल घेण्याच्या साधनाद्वारे परमेश्वराला विचारायचं, आणि मग लोकांनी निघायचं किंवा थांबायचं. एलाजार या काळात हयात होता. त्याच्या मृत्यूची नोंद यहोशवाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या वचनात येते. म्हणजे विचारायची सोय होती, विचारायचा माणूस होता, विचारण्याची अटही होती. त्यात ८व्या अध्यायाच्या शेवटी एबाल डोंगरावर सगळ्या मंडळीपुढे नियमशास्त्र शब्दन्‌शब्द वाचून झालेलं. तेव्हा कायदा ठाऊक नव्हता म्हणायलाही जागा नाही.

माझ्या मते या प्रकरणाची पहिली गोम इथे आहे. दोनच अध्याय आधी आखानाने यरीहोच्या लुटीतला शिनारी झगा, चांदी आणि सोन्याची वीट आपल्या तंबूत पुरून ठेवली होती. ती उघड आज्ञाभंगाची गोष्ट, समजायला सोपी. गिलगालमधल्या सरदारांनी तसं काहीच केलं नाही. त्यांच्या दृष्टीने ते नियमाप्रमाणेच वागत होते: दूरच्यांशी सलोखा करता येतो, हे दूरचे आहेत, म्हणून करू. नियम बरोबर लावला, फक्त माणसं चुकली. आज्ञा पाठ असणं आणि आज्ञा देणाऱ्याला विचारणं यात अंतर आहे, ते या अध्यायाइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

भाकर आणि वहाणांचा तपशीलही निवेदकाने उगाच दिलेला नाही. अनुवादाच्या २९व्या अध्यायात मोशे इस्राएलांना सांगतो, चाळीस वर्षं रानात चाललात पण अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत, पायातल्या वहाणा झिजल्या नाहीत. तुम्ही भाकर खाल्ली नाहीत आणि द्राक्षारस प्यायला नाहीत. कपडे, वहाणा, भाकर, द्राक्षारस. गिबोनकर याच चार गोष्टी नासवून घेऊन येतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या वहाणा झिजत नाहीत असा चमत्कार ज्यांनी अनुभवला, त्यांना झिजलेल्या वहाणांनी फसवलं.

तिसऱ्या दिवशी

करार झाल्यावर तीन दिवसांत बातमी फुटली. हे तर शेजारीच! इस्राएली सैन्य गिबोनच्या वेशीपर्यंत गेलं आणि हात न उगारता उभं राहिलं. लोक सरदारांवर कुरकुर करू लागले. सरदारांचं म्हणणं एवढंच होतं: आम्ही इस्राएलाचा देव परमेश्वर याच्या नावाने शपथ वाहिली आहे, आता यांना हात लावता येत नाही, लावला तर शपथेमुळे आपल्यावर कोप येईल.

अभ्यासवर्गात इथे एक प्रश्न हमखास येतो. फसवून घेतलेला करार बंधनकारक कसा? आपल्याकडच्या १८७२च्या करार कायद्यातलं कलम १९ सांगतं की फसवणुकीने संमती मिळवली असेल तर फसलेल्या पक्षाला करार रद्द करता येतो. शिवाय मूळ हुकूमच असा करार करू नका असा होता. म्हणजे करार मोडायला एक सोडून दोन कारणं हाताशी होती, आणि दुसरं तर थेट धर्माचं. मोडला असता तर लोकांनी वाहवाच केली असती.

ताल्मुद या ज्यू धर्मग्रंथातल्या गित्तीन या भागात ऋषितुल्य रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, यावर वाद आहे. रब्बी यहूदाच्या मते शपथ लागू झालीच होती. इतरांचं म्हणणं, खोट्या माहितीवर घेतलेली शपथ मुळात लागूच होत नाही. पण तरीही गिबोनकरांना मारलं नाही ते देवाच्या नावाचं पावित्र्य राखण्यासाठी. वाट वेगळी, मुक्काम एकच. शपथ गिबोनकरांच्या समक्ष घेतली, पण ती ज्याच्या नावाने घेतली त्याला कुणी फसवलं नव्हतं. शेजाऱ्यांनी काय पाहिलं असतं? हे लोक आपल्या देवाची शपथ घेतात आणि चौथ्या दिवशी कापाकापी करतात, एवढंच.

सरदारांनी काढलेला तोडगा मला नेहमी विचारात पाडतो. जीव वाचला, पण गिबोनकरांनी पिढ्यान्‌पिढ्या मंडळीसाठी आणि परमेश्वराच्या वेदीसाठी लाकडं तोडायची आणि पाणी वाहायचं. अनुवादाचा २०वा अध्याय पुन्हा उघडून पाहा: दूरच्या, शरण आलेल्या शहराला हीच शिक्षा आहे, वेठ. सरदारांनी गिबोनकरांचं खोटं खरं धरलं आणि त्यावर कायदा लावला. आम्ही दूरचे आहोत म्हणालात ना, मग दूरच्यांसारखेच राहा. यहोशवाने त्यांना शापित म्हटलं आणि त्याच तोंडाने वेदीजवळची कामं दिली. त्याने विचारलं होतं, आम्हाला का फसवलंत? त्यांचं उत्तर सरळ होतं: आमच्या जिवाची भीती वाटली. या उत्तराला यहोशवाकडे काही प्रत्युत्तर नाही, आणि असायचं कारणही नाही.

कराराची पहिली परीक्षा लगेच झाली. यरुशलेमचा राजा अदोनीसदेक याने हेब्रोन, यर्मूथ, लाखीश आणि एग्लोनच्या राजांना गोळा करून गिबोनला वेढा घातला. गिबोनकरांचा निरोप आला, तुमच्या दासांना सोडू नका. यहोशवाने दोन दिवस उशीर केला असता तरी चाललं असतं. पाच राजांनी त्याची अडचण परस्पर मिटवली असती आणि शपथ कागदोपत्री शाबूत राहिली असती. तो रातोरात डोंगर चढून गेला. गारांचा मारा आणि गिबोनवर थांबलेला सूर्य हे सगळं या फसवून घेतलेल्या कराराच्या पालनासाठी घडतं, ही गोष्ट प्रवचनांत फारशी ऐकू येत नाही.

शौलाचा आवेश

यानंतर काही पिढ्या जातात. दावीद राजा आहे आणि लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला आहे. दावीद परमेश्वराला विचारतो. उत्तर मिळतं: दावीदाच्या आधीचा राजा शौल आणि त्याचं घराणं रक्तपाताचं दोषी आहे, कारण त्याने गिबोनकरांना ठार मारलं.

ही कत्तल कधी झाली, कशी झाली, याचं वर्णन शमुवेलाच्या पुस्तकांत कुठेच नाही. नोब इथल्या ८५ याजकांना शौलाने मारवलं तेव्हा त्यांच्यावर पोट असलेल्या गिबोनकरांचाही घास गेला, असं ताल्मुद सुचवतं. दुसरा धागा मला जास्त बोलका वाटतो. बैरोथ हे करारातलं एक गाव. तिथले मूळ लोक गित्तईमला पळून गेले अशी नोंद २ शमुवेलाच्या ४थ्या अध्यायात आहे, आणि शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याचा खून करणारे दोघे भाऊ बैरोथचेच म्हटले आहेत. बन्यामीनच्या मुलखात काहीतरी मोठी उखडाउखड झाली असावी. शौल बन्यामिनी होता आणि हे शहर त्याच्या वंशाच्या वाट्यात येत होतं.

कारण मात्र मजकुरात स्पष्ट आहे: इस्राएल आणि यहूदा यांच्याविषयीच्या आवेशामुळे. हा शब्द नजरेआड करू नये. शौलाने लोभाने मारलं असं लिहिलेलं नाही. जुना हुकूम पूर्ण करायचा राहिला आहे, तो आपण करू, असा त्याचा हिशेब असू शकतो. आणि हा तोच शौल, ज्याने अमालेकी या शत्रूंच्या बाबतीत सगळं नष्ट करण्याचा स्पष्ट हुकूम असताना राजा अगाग आणि उत्तम गुरंढोरं राखून ठेवली होती. जिथे हुकूम होता तिथे हात आखडला, जिथे शपथ आडवी होती तिथे आवेश दाखवला.

शपथ मोडल्याने देशावर संकट येतं, ही कल्पना इस्राएलापुरती नव्हती. हित्ती राजा दुसरा मुर्शिली याच्या प्रार्थना त्याच्या राजधानीत, हत्तूशात, मातीच्या पाट्यांवर सापडल्या आहेत, इ.स.पूर्व १४व्या शतकातल्या. त्याच्या देशात वीस वर्षं साथ चालली होती. त्याने देवांना कौल लावला, जुन्या पाट्या काढल्या, तेव्हा कळलं की मिसरशी देवांच्या साक्षीने झालेला कुरुश्तामाचा करार बाप शुप्पिलुलिउमा याने मोडला होता. बापाचं पाप मुलावर येतं, असं कबूल करून तो भरपाई आणि अर्पणं देऊ करतो. संकट, कौल, जुना करार, मागच्या राजाचा दोष: दावीदाच्या प्रकरणाची चौकट हीच आहे. फरक पडतो तो भरपाईत.

सात जणांचा हिशेब

दावीद गिबोनकरांना विचारतो, प्रायश्चित्त कशाने करू? ते म्हणतात, शौलाच्या घराण्याशी आमचा वाद सोन्याचांदीचा नाही. यात हट्ट नाही; गणनाच्या ३५व्या अध्यायात खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायला बंदीच आहे. पण तोच अध्याय सांगतो की रक्ताने विटाळलेली भूमी शुद्ध होते ती रक्त पाडणाऱ्याच्याच रक्ताने. रक्त पाडणारा तर गिलबोवाच्या डोंगरावर कधीच मेला होता. मग ते शौलाच्या वंशातले सात पुरुष मागतात आणि दावीद म्हणतो, देतो.

दिले ते असे: शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे दोन मुलगे, अर्मोनी आणि मफीबोशेथ, आणि शौलाच्या मुलीचे पाच मुलगे. शौलाचा मुलगा योनाथान याचा मुलगा, त्याचंही नाव मफीबोशेथ, त्याला दावीदाने वगळलं, कारण योनाथानाशी परमेश्वराच्या नावाने शपथ झाली होती. एका शपथेने एक मफीबोशेथ वाचला, दुसऱ्या शपथेने दुसरा गेला. बापाच्या पापासाठी मुलांना मारू नये हा अनुवादाच्या २४व्या अध्यायातला नियम इथे कुणाला आठवत नाही. शौलाच्या वंशातले सात दावेदार एका झटक्यात संपणं दावीदाच्या गादीला सोयीचं होतं हेही खरं, आणि शौलाच्या कुळातल्या शिमीने दावीदावर दगड फेकत शौलाच्या घराण्याच्या रक्ताबद्दल शिव्याशाप दिले ते उगाच नसावेत.

आता बारकाईने वाचायची जागा. दुष्काळाचं कारण दावीदाने परमेश्वराला विचारलं. उपाय मात्र त्याने गिबोनकरांना विचारला. सात जणांचा जीव परमेश्वराने मागितला असं मजकुरात नाही. उत्तरात फक्त दोष सांगितला आहे. गिलगालच्या छावणीत सरदारांनी जे गाळलं तेच इथे अर्ध्यावर गाळलं गेलं. आणि देशासाठी केलेली विनवणी परमेश्वराने ऐकली हे वाक्य गिबोनकरांनी त्या सात जणांना टांगून मारल्यानंतर लगेच येत नाही. मधे रिस्पा येते.

मृतदेह रात्रभर टांगलेले ठेवू नयेत, त्याच दिवशी पुरावेत, असा अनुवादाचा नियम आहे. यहोशवाने त्या पाच शत्रुराजांचे देहसुद्धा सूर्यास्ताला उतरवले होते. हे सात देह उतरवायला कुणी आलं नाही. रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं आणि जवाची कापणी सुरू झाली तेव्हापासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत ती तिथे राहिली. दिवसा पाखरं हाकलली, रात्री रानातली जनावरं. जवाची कापणी तिकडे एप्रिलच्या सुमारास आणि नेहमीचा पाऊस ऑक्टोबरच्या पुढे. तो नेहमीचाच पाऊस धरला तर ती सहा महिने बसली. ती एक शब्द बोलल्याची नोंद नाही. हे ऐकून दावीद हलतो, याबेश-गिलादहून शौल आणि योनाथान यांच्या अस्थी आणवतो, या सात जणांच्या अस्थीही गोळा करवतो आणि शौलाचा बाप कीश याच्या थडग्यात शौल-योनाथानांना मूठमाती देतो. त्यानंतर विनवणी ऐकल्याचं ते वाक्य आहे. मी त्याचा अर्थ असा लावतो की देशाची सुटका सात जिवांनी झाली, असं म्हणायला निवेदक तयार नाही. उलट वाचणारेही आहेत, पण क्रम तरी हाच आहे.

हुकुमाबद्दल

सगळ्यांना मारा या हुकुमाचं काय? कथेत त्याला अपवादांची रांगच लागते. यरीहोत राहाब या वेश्येला दोन हेरांच्या शपथेने वाचवलं, गिबोनला सरदारांच्या. कनानी वेश्या इस्राएलात सामावते आणि यहूदा वंशातला आखान दगडांखाली जातो. आत कोण आणि बाहेर कोण हे रक्तावरून ठरत नाही, असं हे पुस्तक स्वतःच पुन्हा पुन्हा दाखवतं. त्याने हुकुमाची धार बोथट होते, नाहीशी होत नाही, आणि ती नाहीशी झाल्याचं भासवणारी प्रवचनं मला पटत नाहीत.

इतिहास म्हणून पाहिलं तर आणखी पेच आहेत. गिबोन म्हणजे आजचं अल-जीब, यरुशलेमच्या वायव्येला. जेम्स प्रिचर्ड यांनी १९५६ ते १९६२ या काळात तिथे उत्खनन केलं आणि गिबोन हे नाव कोरलेल्या घड्यांच्या कानांचे तुकडे सापडले, त्यामुळे जागेबद्दल शंका उरली नाही. पण यहोशवाचा म्हणून जो काळ धरला जातो त्या काळातलं मोठं शहर तिथे मिळालं नाही, थडगी मिळाली. आय मानल्या जाणाऱ्या टेकडीवरही त्या काळात वस्ती नव्हती. म्हणून पुष्कळ अभ्यासक ही कथा नंतरच्या काळात, गिबोनकर मंदिरात राबत का, याचं स्पष्टीकरण म्हणून घडली असं मानतात. अल-जीबला सापडलं ते पाणी: खडकात सुमारे ११ मीटर व्यासाची विहीर आणि तळाच्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या ७९ पायऱ्या. पाणी वाहण्याचं काम दिलेल्या लोकांचं शहर त्या भागात पाण्यासाठीच प्रसिद्ध होतं, यिर्मयाही गिबोनच्या मोठ्या जलाशयाचा उल्लेख करतो.

गिबोनकर पुढे टिकले. शलमोनाने हजार होमार्पणं केली आणि ज्ञान मागितलं ते गिबोनच्याच उच्चस्थानी. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या नहेम्याच्या यादीत गिबोनचे ९५ आहेत, आणि यरुशलेमचा कोट दुरुस्त करणाऱ्यांत मलट्या गिबोनी हे नाव आहे. रब्बींच्या परंपरेत मात्र ते नतीनीम (मंदिराच्या सेवेला दिलेले) म्हणून इस्राएली कुळांशी लग्नसंबंधाला अपात्र ठरतात. ताल्मुदाच्या यबामोथ भागात त्याचं कारण त्या सात जणांपाशीच नेऊन ठेवलं आहे: इस्राएलाची खूण दया, लाज आणि परोपकार ही; ज्यांनी सात जीव मागून घेतले ते यात बसत नाहीत, असं दावीद ठरवतो. ते सात जीव दावीदाने स्वतः हवाली केले, त्याचं मात्र तिथे समर्थन आहे: देवाच्या नावाची चारचौघांत विटंबना होण्यापेक्षा नियमशास्त्राचं एक अक्षर उखडलेलं बरं.